सात नंबरची विहीर

अर्जातला चौथा रकाना होता, 'या प्रकल्पाचं वेगळेपण 200 शब्दांत सांगा.' त्या रिकाम्या चौकटीसमोर मी दोन संध्याकाळी नुसती बसून काढल्या.

मी भूगर्भशास्त्रज्ञ आहे. जुन्या कारखान्यांच्या जागेवर बोअर मारायचे, माती आणि पाणी बरण्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवायचं, आलेले आकडे नकाशावर मांडायचे, हे माझं काम. शहराच्या मधोमध पडून असलेली गॅस कारखान्याची जागा आमच्या टीमने साफ केली. आज तिथे बाग आहे, वाचनालय आहे, कडेला घरं आहेत. काम संपत आलं तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "अशा कामांना पुरस्कार असतात, आपणही अर्ज करू." आणि ज्याच्या कपाटात रिपोर्ट, त्याच्या गळ्यात अर्ज, या न्यायाने तो माझ्याकडे आला.

असे पुरस्कार असतात हेच मला धड माहीत नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं की अमेरिकेत 1997 पासून 'फिनिक्स' पुरस्कार आहेत, राखेतून उठणाऱ्या पक्ष्याच्या नावाने. कॅनडात 2000 पासून 'ब्राउनी' आहेत. ब्राउनीच्या वर्गवाऱ्या वाचून मात्र थोडी शुद्धीवर आले. जमीन स्वच्छ करण्याचं तंत्र, पैशांची जुळवाजुळव, धोरण, लोकांशी संवाद या सगळ्यांचे वेगवेगळे गट, आणि इंग्रजीत प्रत्येक गटाचं नाव 'री' ने सुरू होणारं. (नावं ठेवणाऱ्याला फार मजा आली असावी.) म्हणजे 'जमीन साफ केली' ही एक गोष्ट नसते, चार-पाच गोष्टी असतात. आम्ही अर्ज केला तो या दोन्हींपैकी नव्हता, पण आमच्या अर्जाचे रकाने वाचायला या वर्गवाऱ्यांची मदत झाली.

गॅस कारखाना म्हणजे काय, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. नैसर्गिक वायू नळांतून यायच्या आधी शहरांना दिव्यांसाठी आणि चुलींसाठी गॅस मिळायचा तो कोळशापासून. बंद भट्टीत, हवा लागू न देता कोळसा तापवायचा. निघालेला वायू थंड केला की त्यातून काळं, चिकट डांबर खाली बसतं. मग तो वायू लाकडाच्या भुशात कालवलेल्या लोहाच्या ऑक्साइडच्या पेट्यांतून न्यायचा, म्हणजे त्यातला गंधक आणि सायनाइड त्या भुशात अडकतो. वापरून संपलेला भुसा निळा पडतो आणि तो टाकायची जागा म्हणजे बहुतेक वेळा कारखान्याचंच मागचं अंगण. आमच्या पहिल्याच खड्ड्यात तो निळा थर निघाला. पावडरच्या डब्यातला रंग सांडावा इतका निळा. वास मात्र सगळ्यांच्या ओळखीचा होता. कपड्यांच्या कपाटात आपण डांबराच्या गोळ्या ठेवतो ना, तोच. त्या गोळ्यांतलं नॅप्थालीन पूर्वी कोळशाच्या डांबरातूनच काढायचे, नावातच सगळं आहे. आमच्या जागेवर त्या गोळ्यांची आख्खी खाण होती.

जुन्या नकाशात डांबराच्या दोन विहिरी दाखवल्या होत्या. तिसरी आम्हाला सापडली ती कारखान्यात तरुणपणी काम केलेल्या एका काकांमुळे. ते रोज सकाळी फिरायला यायचे आणि कुंपणाबाहेरून आमचं मशीन बघत उभे राहायचे. एक दिवस म्हणाले, "पोरी, तू चुकीच्या जागी खोदतेयस." मला राग आला, खरं सांगते. पण दुसऱ्या दिवशी त्यांना हेल्मेट घालून आत नेलं. त्यांनी भिंतीपासून पावलं मोजली, एके ठिकाणी थांबले आणि बूट आपटला. "इथं ओतायचो. वर राख टाकायचो." तिथे बोअर घेतला. चार मीटरवर ड्रिलच्या दांड्याला काळं डांबर लागून वर आलं.

डांबर पाण्यापेक्षा जड. ते पाण्यावर तरंगत नाही, मातीतून झिरपत खाली जातं आणि चिकणमातीचा थर लागला की त्यावर साचून बसतं. त्यातलं बेंझिन हे विषारी रसायन मात्र थोडं थोडं भूजलात विरघळत राहतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं. आमची जागा नदीपासून लांब नव्हती. त्यामुळे काकांनी बूट आपटला नसता तर पुढची दोन वर्षं आम्ही पाणी कुठून बिघडतंय हे शोधत फिरलो असतो.

साफसफाईचं थोडक्यात सांगते, कारण अर्जात त्यावरच मी पानं भरली आणि कुणी वाचली असं वाटत नाही. कमी बिघडलेल्या मातीचे ढीग रचून त्यांतून हवा खेळवली, खत घातलं आणि बाकीचं काम जिवाणूंवर सोपवलं. जास्त बिघडलेली माती उचलून भाजायला पाठवली. तिसऱ्या विहिरीतलं डांबर मात्र बाहेर काढणं धोक्याचं होतं, शेजारी जुन्या इमारतीचा पाया होता. तिथे मोठ्या गिरमिटाने जागच्या जागीच सिमेंट मिसळून सगळ्याचा दगड केला. वर चिकणमातीचा थर, त्यावर स्वच्छ माती, त्यावर हिरवळ.

आता अर्ज. 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो मागितले होते. आधीचा फोटो गंजलेल्या पत्र्यांचा, नंतरचा झोपाळ्यावरच्या मुलांचा. डिझाइनवाल्या मित्राने ते दोन्ही शेजारी ठेवले आणि सगळे खूश झाले. मी नाही. त्या दोन फोटोंच्या मध्ये जे चार वर्षं चाललं होतं त्याचा फोटोच नव्हता. असला तरी काय दिसणार? बरण्या. लेबलं. पावसात भिजलेली मी.

त्याच दिवसांत सिॲटलच्या गॅस वर्क्स पार्कबद्दल वाचत होते, आमच्यासारखीच जागा म्हणून. तिथला कारखाना 1956 मध्ये बंद पडला. रिचर्ड हाग या रचनाकाराने मनोरे न पाडता तिथेच बाग केली. 1975 मध्ये ती लोकांसाठी उघडली. मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा कालवून जिवाणूंकडून डांबर खाववायचा प्रयोगही त्यांनी केला होता, आणि तोही अशा कामांचे नियम अजून नीट घडायचे होते त्या काळात. 1981 मध्ये अमेरिकेतल्या भूदृश्य रचनाकारांच्या संस्थेने त्या बागेला मोठा पुरस्कार दिला. 1984 मध्ये तीच बाग मातीतल्या प्रदूषणाच्या तपासणीसाठी काही काळ बंद करावी लागली. हागना मी कमी लेखत नाही, उलट त्यांच्याशिवाय आपल्यापैकी कुणालाच गंजका मनोरा सुंदर वाटला नसता. पण ते दोन आकडे, 81 आणि 84, माझ्या डोक्यातून जाईनात. कारण माझ्याकडे सात नंबरची विहीर होती.

जागेवर आम्ही बारा निरीक्षण विहिरी ठेवल्या आहेत, मनगटाएवढ्या जाड पाइपच्या. दर तीन महिन्यांनी त्यातलं पाणी तपासतो. काम संपल्यावर सगळ्यांत बेंझिन खाली आलं होतं. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगते, आम्ही त्याच्याही खाली होतो. अर्जाची मुदत तीन आठवड्यांवर आली असताना सात नंबरमध्ये 14 आलं. ते पाणी कुणी पीत नाही, आणि आमच्या धंद्यात याला नवल मानत नाहीत. मातीच्या बारीक फटींत दडलेलं बेंझिन सावकाश परत पाण्यात उतरतं. त्याला रिबाउंड म्हणतात. पण 'यशोगाथा' असं शीर्षक असलेल्या पानावर रिबाउंड कुठे लिहायचा?

वरिष्ठांचं म्हणणं सरळ होतं. "मागच्या तिमाहीचे आकडे द्या. अर्जाची तारीख बघितली तर तेच शेवटचे अधिकृत." खोटं काहीच नव्हतं त्यात. प्रयोगशाळेचा सहीचा रिपोर्ट यायला अजून दहा दिवस होते. मी म्हटलं, "सर, नियामकाला तर आपण कळवणारच आहोत." ते म्हणाले, "नियामकाला कळवणं वेगळं आणि बक्षीस मागताना सांगणं वेगळं." दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. शेवटी त्यांनीच फोन केला. "लिही. पण पुढे काय करणार तेही लिही." चौथा रकाना मग अर्ध्या तासात भरला. जमिनीखाली काय राहिलं आहे, ते कुठे आहे, त्यावर लक्ष कोण आणि कसं ठेवणार आणि आकडा चढला तर काय करायचं. 188 शब्द झाले.

परीक्षक तिघे आले. दोघांनी बाग पाहिली, वाचनालय पाहिलं, फोटो काढले. तिसऱ्या बाई आल्या आल्या म्हणाल्या, "सात नंबर कुठे आहे? उघडा बघू." झाकणाला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे असायला हवी होती, माझ्याकडे नव्हती. नमुने घेणाऱ्या मुलाकडे होती आणि तो दुसऱ्या साइटवर होता. चाळीस मिनिटं त्या बाई कट्ट्यावर बसून राहिल्या आणि मला बोअरच्या नोंदींतल्या थरांवर प्रश्न विचारत राहिल्या. तोंडी परीक्षेला इतका घाम फुटला नव्हता. किल्ली आली, झाकण उघडलं, त्यांनी वाकून वास घेतला, वहीत काहीतरी लिहिलं आणि निघाल्या.

मुख्य पुरस्कार आम्हाला मिळाला नाही. लोकसहभागाच्या गटात मिळाला. काकांची ती पावलं मोजण्याची गोष्ट मी पुरवणीत, शेवटच्या पानावर, जवळजवळ टाईमपास म्हणून जोडली होती. गट कुठलाही असो, ऑफिसात आनंद झाला. फक्त सन्मानपत्रावर संस्थेचंच नाव छापलं होतं, काकांचं नव्हतं. आयोजकांना पत्र लिहिलं. व्यक्तींची नावं घालायची पद्धत नाही, असं उत्तर आलं. मला ते अजून खटकतं.

आयोजकांची आणखी एक प्रथा होती. विजेत्या जागेवर पाहुण्यांच्या हस्ते एक झाड लावायचं. कुणीतरी हिरवळीचा मोकळा तुकडा निवडला, खड्डा आखला, रोप आणून ठेवलं. मी पाहुण्यांना घेऊन पोचले तेव्हा काका आधीच तिथे उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि भिंतीपासून पावलं मोजत होते.

"पोरी," ते म्हणाले, "इथं नको. मुळं खाली जातील."

मी नकाशा उघडून पाहिलं. आखलेला खड्डा बरोबर तिसऱ्या विहिरीच्या डोक्यावर होता. रोप उचलून आम्ही वाचनालयाच्या दारापाशी नेलं. पाहुणे मागोमाग आले.

सात नंबरमध्ये मागच्या वेळी 11 आलं. किल्ल्या आता दोन आहेत.