उतारावरचे कोमट पाणी

माझ्या माहितीपत्रकात सहाव्या क्रमांकावर ‘बर्फ वितळविणारी यंत्रणा’ अशी एक ओळ आहे, आणि सातारा शहरात नळकामाचे दुकान चालविणाऱ्या माणसाने ती कशासाठी छापावी, असे मला बऱ्याच जणांनी हसत हसत विचारलेले आहे. खरे कारण एवढेच, की स्वतःचा धंदा सुरू करण्यापूर्वी मी चार हिवाळे हिमाचलातील हॉटेलांच्या कामांवर एका कंत्राटदाराच्या हाताखाली होतो आणि पत्रक छापताना त्याची सेवांची यादी जवळजवळ तशीच उतरवून घेतली. फरशीखाली पाइप घालून खोली उबदार ठेवण्याची कामे महाबळेश्वर-पाचगणीला थोडीफार मिळू लागली; बर्फाची ओळ मात्र शोभेपुरती राहिली. ती खरी मानून मला बोलावणारे पहिले आणि आजवरचे एकमेव गिऱ्हाईक म्हणजे लिंगमळ्याजवळ बंगला बांधलेले अण्णा.

अण्णा मूळचे सांगली जिल्ह्यातील, विट्याच्या बाजूचे. त्या खानापूर तालुक्यातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ती वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, पिढ्यान्‌पिढ्या माणसे देशभर गेली. अण्णांनीही पस्तीस वर्षे परमुलखात मूस तापवली आणि दुकान मुलांच्या हाती देऊन ते थंड हवेच्या ठिकाणी येऊन राहिले. त्यांच्या बंगल्यातील तळमजल्याचे काम मी आदल्या उन्हाळ्यात केले होते. दगडी जोत्यावरच्या काँक्रीटवर उष्णतारोधक फळ्या, त्यांच्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर १६ मिलिमीटरचा पाइप सहा-सहा इंचांवर वळवून क्लिपांनी बसवलेला, वर कोबा आणि कोबावर कोटा फरशी, असा तो थर होता. पाइपाचे ऐंशी-ऐंशी मीटरचे पाच फेरे, पाचही एका मॅनिफोल्डवर, म्हणजे फेऱ्यांत पाणी वाटून देणाऱ्या जोडनळीवर, आणलेले, आणि मागच्या पडवीत पाणी तापविणारा हीट पंप. पाणी पस्तीस-चाळीस अंशांपर्यंतच तापवायचे असते, कारण माणसे वावरतात तेथे फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांवर जाऊ देत नाहीत. कोबा घालण्यापूर्वी ६ बार दाबाने चोवीस तास चाचणी घेतली होती, आणि कोबा ओतताना पाइपातला दाब तसाच ठेवला होता. कोबा एकवीस दिवस सुकू दिल्यावर आधी तीन दिवस २५ अंशांचे पाणी फिरवून मगच तापमान वाढवले होते. हे सर्व मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे निघाले ते या यादीत कोठेच नव्हते.

जानेवारीत एका दुपारी अण्णांचा फोन आला. सकाळी फाटकाकडे जाताना ते बंगल्याच्या उतारावर घसरून पडले होते आणि मनगटाला पट्टी बांधावी लागली होती. वेण्णा तलावाकाठी हिमकण पडल्याची छायाचित्रे त्याच दिवशी वर्तमानपत्रांत आली होती, त्यामुळे आपण बर्फावरूनच घसरलो याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

“तुमच्या पत्रकात सहा नंबरला लिहिलंय ना? मग बसवा की आमच्या उताराला,” ते म्हणाले. “आमचा जन्म सोनं वितळवण्यात गेला. बर्फाचं काय घेऊन बसलात?”

हिमकण पाहायचे तर सूर्योदयापूर्वी जावे लागते, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच मेढा-केळघर मार्गाने वर गेलो आणि रात्री अण्णांकडेच राहिलो. पहाटे साडेपाचला आम्ही दोघे कानटोप्या घालून बाहेर पडलो. माझ्या हातात लांबूनच पृष्ठभागाचे तापमान सांगणारी, पिस्तुलाच्या आकाराची थर्मामीटर होती. हवेचे तापमान ६ अंश होते. गाडीच्या टपावर उणे २, हिरवळीवर उणे १, आणि दोन्हीकडे साखर भुरभुरावी तसा पांढरा थर. निरभ्र रात्री जमिनीवरच्या वस्तू आपली उष्णता किरणोत्सर्गाने आकाशाकडे टाकत राहतात. पातळ पत्रा आणि गवताचे पाते यांच्यापाशी साठा थोडा, म्हणून ती भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि दव त्यांच्यावर गोठते. आमची तापलेली फरशी खोलीतल्या माणसाला ऊब देते ती बरीचशी याच किरणोत्सर्गाने. येथे देणारे गवत होते आणि घेणारे आकाश, एवढाच फरक. काँक्रीटच्या जाड उताराला खालच्या मातीची ऊब मिळत असल्यामुळे तो ४ अंशांवर होता आणि त्याच्यावर हिमकणांचा मागमूस नव्हता.

उतारावर बर्फ नाही, हे अण्णांना दाखवून मी परतणार होतो, इतक्यात जोत्याच्या भिंतीलगत हातभर रुंदीचा ओला, हिरवट शेवाळलेला पट्टा दिसला. अण्णा घसरले ते नेमके तेथेच. सवयीने मी थर्मामीटर तिकडे रोखली आणि आकडा पाहून ती बिघडली असे समजून पुन्हा रोखली. १३ अंश! मी वाकून बोट लावले. जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधील दरजेतून पाणी झिरपत होते, आणि त्या गारठ्यात ते बोटाला चक्क कोमट लागत होते.

टाकी वाहत असेल, असे प्रथम वाटले. टाकी, बॉल कॉक, बाहेरचे नळ सर्व पाहून झाले. कोठेही गळती नव्हती, आणि टाकीचे पाणी असते तर ते कोमट असण्याचे कारणच नव्हते. घरात कोमट पाणी फिरत होते ते एकाच ठिकाणी, आणि ते मी घातलेल्या पाइपांत. पण मॅनिफोल्डवरचा काटा तर दीड बारवर ठाम उभा होता. गळती असेल तर दाब उतरलाच पाहिजे, या एका वाक्यावर मी अडून बसलो होतो. वाट दाखवली ती अण्णांनी.

“या तुमच्या यंत्रात पाणी बसतं किती?”

“टाकीसकट दीडशे लिटर धरा.”

“आणि आत्ता आहे किती?”

“दाब दीड बार आहे, म्हणजे पूर्ण भरलेलं आहे, अण्णा.”

“पूर्ण आहे ते दिसतंय. पण ते पहिलंच आहे का मागनं घातलेलं? मुशीत टाकलेलं वजन नि बाहेर आलेलं वजन जुळलं, तरी मधे कुणी भर घातली नाही ना, हे बघावं लागतं. नाहीतर घट कळायची कशी?”

मला घाम फुटला, कारण उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होते. यंत्रणेत पाणी भरण्यासाठी घरच्या नळाची एक जोडणी असते आणि तिच्यावर दाब कमी होताच आपोआप पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असतो. यंत्रणा भरून झाली की त्या जोडणीवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करायचा असतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यंत्रणा सुरू करून देताना तो मी उघडाच ठेवला होता. खालून जेवढे पाणी जात होते तेवढे वरून गुपचूप भरले जात होते, आणि काटा मला व अण्णांना रोज दीड बार दाखवत होता. शिवाय प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू आत येऊन पंपाच्या लोखंडी भागांना गंज चढविणार होता, ते वेगळेच. मी तो व्हॉल्व्ह बंद केला आणि घड्याळ लावले. चाळीस मिनिटांत काटा १.१ वर आला.

मग पंप थांबवून पाचही फेरे मॅनिफोल्डवर एकमेकांपासून तोडले आणि हातपंपाने एकेक करून ४ बारपर्यंत दाब भरला. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा जागचे हलले नाहीत. तिसऱ्याचा काटा डोळ्यांदेखत उतरला. तिसरा म्हणजे उताराकडच्या बाजूची निजायची खोली. पण ऐंशी मीटरांत भोक कोठे, हे शोधण्यासाठी सगळी फरशी उखडता येत नाही. सातारच्या एमआयडीसीत विजेच्या पॅनेलांची तपासणी करणाऱ्या माझ्या मित्राकडे उष्णता दाखविणारा कॅमेरा आहे. त्याला फोन केला आणि तो घाट चढून येईपर्यंत आम्ही चहा घेत बसलो.

त्या दोन तासांत अण्णांनी बर्फाचा विषय सोडला नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही तो सोडवत नव्हता. सोने वितळते १,०६४ अंशांना आणि बर्फ शून्याला, तेव्हा बर्फ वितळविणे हे पोरखेळाचे काम, असा त्यांचा हिशेब होता. मी त्यांना सांगितले, की वितळण्याच्या तापमानाला पोचलेल्या एक किलो सोन्याला द्रव व्हायला सुमारे ६४ किलोज्यूल उष्णता पुरते, पण शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाला ३३४ लागतात. इतकेच काय, खोलीच्या तापमानाचे किलोभर सोने तापवून वितळवायला जेवढी उष्णता खरोखर सोन्यात जाते, ती किलोभर बर्फाच्या पाण्याला लागते त्याहून कमीच भरते. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. पस्तीस वर्षे भट्टीपुढे बसलेल्या माणसाला हा आकडा अपमानास्पद वाटला असावा; त्यांनी मला तो दोनदा सांगायला लावला.

म्हणूनच निजायच्या खोलीला चौरस मीटरमागे साठ-सत्तर वॅट पुरतात तेथे हिमाचलातल्या उताराला आम्ही तीनशेच्या पुढे धरत असू. तेथे पाइप जाड, आतल्या पाण्यात गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळलेले, आणि उतारात बसवलेला संवेदक थंडी व ओल दोन्ही एकदम जाणवल्यावरच पंप सुरू करतो, कारण नुसत्या थंडीवर तो चालू झाला तर वीजबिल मालकाला झोपवील. अण्णांचा उतार चाळीस चौरस मीटरांचा. म्हणजे बारा किलोवॅट त्या एकट्यालाच, घरातल्या सगळ्या खोल्यांना मिळून लागतात त्याहून अधिक. ज्या गावांना उष्णता जवळजवळ फुकट मिळते त्यांची गोष्ट निराळी. आइसलंडमध्ये रेक्याविकला घरे गरम करून परत आलेले भूगर्भातील पाणी पदपथांखालून फिरवतात, आणि अमेरिकेत मिशिगन राज्यातील हॉलंड गावाने १९८८ पासून वीजकेंद्रातील टाकाऊ उष्णतेवर आपले रस्ते मोकळे ठेवले आहेत. आणि एवढे करूनही वितळलेल्या पाण्याला जायला गटार ठेवले नाही, तर ते उताराच्या पायथ्याशी जाऊन पुन्हा गोठते. ही चूक मी हिमाचलात पाहिली आहे, आणि तेथे घसरलेला माणूस दुसरातिसरा कोणी नसून मी होतो.

मित्र आल्यावर तिसऱ्या फेऱ्यात गरम पाणी सोडले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फरशीखालच्या पाइपाच्या रेघा हळूहळू उमटल्या, आणि दाराच्या उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर एका रेघेचा शाईचा डाग पसरावा तसा डाग झाला. डागाच्या मधोमध पितळेचा डोअर स्टॉपर होता. कोबा घालण्यापूर्वी मीटरपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे माझ्या फोनमध्ये होती. त्यांत पाइप बरोबर तेथूनच गेलेला दिसत होता. दिवाळीनंतर सुतार आला होता, सागवानी दार वाऱ्याने आपटते म्हणून त्याने जरा लांबच स्क्रू घातला होता, आणि ड्रिलचे टोक पाइपला चाटून गेले होते. स्क्रू त्या भोकातच बुचासारखा बसल्यामुळे पाणी धार लागून न जाता थेंबाथेंबाने प्लॅस्टिकच्या कागदावरून भिंतीच्या कडेला, तेथून जोत्यात आणि जोत्यातून उतारावर गेले होते. सुताराला दोष देणे सोपे होते, पण तेथे खाली पाइप आहेत हे त्याला सांगणार कोण? मी अण्णांना नकाशा दिला होता. तो त्यांनी बंगल्याच्या इतर कागदपत्रांबरोबर कपाटात कुलूपबंद ठेवला होता.

पुढचे काम तासा-दीड तासाचे. ब्रेकर न लावता छिन्नी-हातोडीने एक फरशी काढली, फूटभर पाइप मोकळा केला, भोकाचा तुकडा कापून पितळी कपलिंग बसवले, सिमेंट लागू नये म्हणून ते गुंडाळले आणि त्याची जागा भिंतीपासून मोजून नकाशावर लिहिली. पुन्हा ६ बार दाब भरून रात्रभर ठेवला. सकाळी तो तेवढाच होता. उतारावरचे शेवाळ अण्णांच्या माळ्याने तारेच्या ब्रशने घासून काढले आणि तीन दिवसांत दरज सुकली.

पैसे घ्यायचे नाहीत असे मी ठरवले होते. अण्णांनी ऐकले नाही. दोष दोघांचा, तेव्हा घटही दोघांत वाटून घ्यायची, असे म्हणून त्यांनी मित्राचे भाडे आणि कपलिंगची किंमत दिली आणि माझी मजुरी कापली. आता पाणी भरून झाले की मी त्या व्हॉल्व्हची मूठच काढून मॅनिफोल्डच्या पेटीत खिळ्याला टांगतो आणि नकाशाची एक प्रत पेटीच्या दाराला आतून चिकटवतो. अण्णा मात्र त्यावर विसंबत नाहीत. हिवाळाभर दर सोमवारी सकाळी त्यांच्याकडून दाबाच्या काट्याचे छायाचित्र येते आणि खाली एवढेच लिहिलेले असते: “दीड. घट नाही.”