चालू सर्व्हरवर वाढवलेली जागा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना एका अडत दुकानाच्या सर्व्हरची डिस्क भरत आली, तेव्हा दिवाणजींनी बिलावरून मान वर न करताच विचारले, "बंद करावे लागणार नाही ना?"

बंद करावे लागले नाही. आधी व्हर्च्युअल डिस्क (सॉफ्टवेअरने तयार केलेली डिस्क), मग तिच्या टोकाचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, आणि शेवटी त्यातली ईएक्सटी४ ही फाइली कुठे आहेत याचा हिशेब ठेवणारी लिनक्सची फाइल सिस्टिम वाढवली. तोवर प्रिंटर बिले काढतच होता.

दिवाणजी खूश होऊन म्हणाले, "हंगाम संपला की जास्तीची जागा अशीच काढून घ्या."

हे वाक्य दिवसभर डोक्यात घोळत राहिले. वाढवताना मुख्यतः मोकळ्या ब्लॉकांची, म्हणजे जागेच्या छोट्या तुकड्यांची, नोंद वाढते. कमी करताना शेवटाकडचे भरलेले ब्लॉक उचलून अलीकडे आणावे लागतात, म्हणून ईएक्सटी४ अनमाउंट केल्याशिवाय, म्हणजे वापरातून बाजूला काढल्याशिवाय, आकसत नाही. क्रमही उलटतो: आधी फाइल सिस्टिम, मग पार्टिशन, नाहीतर माहिती हद्दीबाहेर जाते. बीटीआरएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम चालू असतानाही आकसते, पण केवळ त्यासाठी चालती फाइल सिस्टिम बदलणे मला पटत नाही.

त्यापेक्षा एलव्हीएममध्ये, म्हणजे डिस्कची जागा वाटून देणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेत, थोडी जागा न वाटता ठेवावी आणि लागेल तशी द्यावी. तुम्ही सुरुवातीला किती राखून ठेवता?