चार्टमधला दिवस जुळवताना

सोमवारचा पिव्होट, म्हणजे चार्टवरची त्या दिवसाची संदर्भ-रेषा, चुकतोय हे मला वहीमुळे कळलं. एस अँड पी 500 या अमेरिकन शेअर निर्देशांकाचे ई-मिनी फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचे छोट्या आकाराचे करार, मी रोज बघते आणि सत्र संपलं की उच्चांक, नीचांक आणि बंद भाव वहीत हाताने उतरवते. या तिन्हींची सरासरी म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पिव्होट. मंगळवार ते शुक्रवार वहीतला आकडा आणि चार्टवरची रेषा यांत थोडाफार फरक असायचा, तो मी डेटाचा म्हणून सोडून द्यायचे. सोमवारी मात्र दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळपासही नसायचे. सलग तीन सोमवार असं झाल्यावर मी डेली चार्ट मोठा केला. शुक्रवार आणि सोमवार यांच्या मध्ये एक बुटकी कॅन्डल, म्हणजे ठरावीक काळातली (इथे एका दिवसातली) भावाची चाल दाखवणारी दांडी, उभी होती. कर्सर नेला, तर तारीख रविवारची.

हे फ्युचर्स न्यूयॉर्कच्या वेळेने रविवारी संध्याकाळी 6 वाजता उघडतात आणि शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता बंद होतात. मधल्या दिवसांत रोज 5 ते 6 एवढी तासाभराची विश्रांती. रविवारी 6 वाजता सुरू झालेलं सत्र एक्स्चेंजच्या हिशेबात सोमवारचं असतं. माझं सॉफ्टवेअर मात्र मध्यरात्री तारीख बदलली की दिवस बदलला असं धरून चाललं होतं. रविवारच्या सहा तासांची त्याने वेगळी कॅन्डल केली होती आणि सोमवारचा पिव्होट त्या सहा तासांवरून काढला होता. इतर दिवशीचा किरकोळ फरकही याच मुळाचा निघाला, कारण बंद भाव संध्याकाळी 5 चा घेण्याऐवजी मध्यरात्रीचा घेतला जात होता.

पिव्होटचं तरी डोळ्यांना दिसलं. मूव्हिंग ॲव्हरेजचं, म्हणजे मागच्या ठरावीक दिवसांच्या भावाच्या सरकत्या सरासरीचं, दिसलंही नसतं. आठवड्याला पाचऐवजी सहा कॅन्डल म्हटल्यावर 20 दिवसांची सरासरी चार आठवड्यांची राहत नाही, तीन आठवडे आणि दोन दिवसांवर येते. दिवसाची सरासरी चाल मोजणारा एटीआरही त्या बुटक्या कॅन्डलमुळे कमी दिसतो, आणि एटीआरवरून स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला सौद्यातून बाहेर पडण्याचा भाव, ठरवणाऱ्याचा तो भाव विनाकारण जवळ येतो. मी महिनोन् महिने त्या आकड्यांवर निर्णय घेतले होते. म्हणून ठरवलं, आता सगळं मुळापासून लावायचं.

सत्राचं टेम्प्लेट तुलनेने लवकर झालं. सुरुवातीचा वार, सुरुवातीची वेळ, शेवटचा वार, शेवटची वेळ, आणि हे सत्र कोणत्या वाराच्या नावावर धरायचं, अशा पाच ओळी भरायच्या. रविवार 6 ते सोमवार 5 ही सोमवारच्या नावावर, सोमवार 6 ते मंगळवार 5 ही मंगळवारच्या, असं पुढे. चार्ट पुन्हा लोड केला आणि रविवारच्या कॅन्डल एका झटक्यात सोमवारात विरघळल्या. जुना डेटा तपासणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: 2021 च्या जूनअखेरपर्यंत या फ्युचर्समध्ये न्यूयॉर्कच्या वेळेने 4:15 ते 4:30 असा पंधरा मिनिटांचा आणखी एक खंड होता. त्या काळासाठी आजचं टेम्प्लेट चालत नाही.

मग शेअर्सकडे वळले. न्यूयॉर्कचं नियमित सत्र सकाळी 9:30 ते दुपारी 4, एवढं सोपं. तरीही उन्हाळ्यातल्या चार्टवर सुरुवातीच्या तासाची उलाढाल फार कमी दिसत होती. एरवी उघडतानाच्या पहिल्या काही मिनिटांत व्यवहारांचा लोंढा असतो. टाइमझोनच्या रकान्यात मी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) उणे 5 असा ठरावीक आकडा घातला होता. हिवाळ्यात तो बरोबर असतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. या मधल्या काळात माझा 9:30 ते 4 चा गाळा प्रत्यक्षात 10:30 ते 5 झाला होता. दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा पहिला तास कापला जात होता आणि बाजार बंद झाल्यानंतरचा एक तास आत येत होता. आकडा काढून तिथे न्यूयॉर्क हे शहर निवडलं. शहराच्या नावासोबत घड्याळ बदलण्याचे नियमही येतात. युरोपातली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे वर्षातले काही आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. टोकियोत घड्याळं बदलतच नाहीत. दोन बाजारांचे चार्ट शेजारी ठेवणाऱ्याने प्रत्येक बाजाराला त्याच्या शहराची वेळ द्यावी, हाताने तास मिळवू नयेत.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो सुट्ट्यांच्या यादीने. ती का भरायची, डेटाच नसेल तर कॅन्डल येणारच नाही ना, असं मलाही आधी वाटलं होतं. पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रिकामी मिनिटं आधीच्या भावाने भरण्याची सोय चालू होती, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी एक सरळ आडवी रेघ उमटायची. उजवीकडे पुढच्या तारखांत ओढलेली, भावाचा कल दाखवणारी ट्रेंडलाइनही सुट्टीचा दिवस धरून सरकते. आणि अर्ध्या दिवसाचा त्रास याहून मोठा. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या अमेरिकन सणाच्या दुसऱ्या दिवशी बाजार दुपारी 1 वाजता बंद होतो, पण सत्रानंतरचे तुरळक व्यवहार पुढेही चालू राहतात. तो दिवस अर्धा आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं नाही, तर ते व्यवहार नियमित सत्रात मिसळतात आणि 1 वाजता बाजार बंद करताना सगळ्या ऑर्डर एकत्र जुळवणाऱ्या लिलावात ठरलेला खरा बंद भाव बाजूला पडतो.

2025 ची यादी मी एका संध्याकाळी बसून टाइप केली. पूर्ण सुट्ट्या अकरा: नेहमीच्या दहा आणि माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या स्मरणार्थ 9 जानेवारीला ठेवलेली एक. अर्धे दिवस तीन: 3 जुलै, 28 नोव्हेंबर, 24 डिसेंबर. एकूण चौदा ओळी. फाइल घातली, काही तक्रार आली नाही, मी समाधानाने चार्ट उघडला. 7 एप्रिल गायब! आयातशुल्काच्या घोषणेनंतर बाजार प्रचंड हेलकावे खात होता तो सोमवार, आणि तिथे काहीच नाही, शुक्रवारला थेट मंगळवार चिकटलेला. थोडं मागे गेले तर 7 मार्चचा शुक्रवार दुपारी 1 वाजताच संपला होता.

बराच वेळ मी डेटा पुरवणाऱ्याकडे संशयाने बघत होते. मग दोन तारखा कागदावर लिहिल्या आणि उलगडा झाला. मी आधी दिवस, मग महिना लिहिला होता. सॉफ्टवेअर आधी महिना वाचत होतं. 4/7 म्हणजे माझा 4 जुलै, त्याचा 7 एप्रिल. 3/7 म्हणजे माझा अर्धा 3 जुलै, त्याचा 7 मार्च. ज्या ओळींत दिवसाचा आकडा बारापेक्षा मोठा होता त्या नऊ ओळी त्याने गुपचूप टाकून दिल्या होत्या. आणखी एक योगायोग असा की 9/1 आणि 1/9 या दोन्ही ओळी उलट्या वाचल्या गेल्या, तरी दोन्ही बरोबर ठरल्या! 9 जानेवारीचा झाला 1 सप्टेंबर, म्हणजे नेमका लेबर डे (अमेरिकेतली कामगार दिनाची सुट्टी), आणि लेबर डेचा झाला 9 जानेवारी. मी आधी नमुना म्हणून या दोनच तारखा तपासल्या असत्या, तर यादी निर्दोष आहे असं मानून उठले असते. आता मी तारीख कायम वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिते, 2025-07-04 अशी, आणि फाइल घातल्यावर किती ओळी घेतल्या गेल्या ते मोजते.

यानंतर नुसतं डोळ्यांनी बघून भागणार नव्हतं, ताळा हवा होता. त्यासाठी 2024 हे पूर्ण झालेलं वर्ष घेतलं. कामाचे दिवस 252, त्यांपैकी तीन अर्धे. पूर्ण दिवसाची मिनिटं 390, अर्ध्या दिवसाची 210. म्हणजे 249 गुणिले 390, अधिक 630, एकूण 97,740. दर मिनिटाला व्यवहार होतोच अशा एका मोठ्या शेअरच्या एक मिनिटाच्या कॅन्डल मोजल्या. आल्या 97,992.

252 जास्त. म्हणजे रोज बरोबर एक! फरक इतका नेमका असला की शोधायला बळ येतं. माझ्या चार्टवर कॅन्डलला ती सुरू होण्याची वेळ दिली जाते, म्हणजे दिवसाची शेवटची कॅन्डल 3:59 ची. बंद होतानाच्या लिलावाचा सौदा 4 वाजून काही क्षणांनी नोंदला जातो, तो 4:00 च्या नव्या कॅन्डलमध्ये पडत होता, आणि सत्राची शेवटची वेळ धरून मोजायची अशी खूण मी करून ठेवली होती. ती काढली आणि आकडा 97,740 वर आला. लिलावाचा बंद भाव डेली कॅन्डलमध्ये वेगळा येतो, त्यामुळे तोही हातचा गेला नाही.

फ्युचर्सना शेअर्सची हीच यादी लावण्याचा मोह झाला होता. तसं अजिबात करू नये. लेबर डेला शेअर बाजार बंद असतो, पण निर्देशांकाचे फ्युचर्स रविवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे उघडतात, सोमवारी दुपारी 1 ला थांबतात आणि 6 वाजता पुन्हा सुरू होतात. हे सगळं मंगळवारच्या नावावर जमा होतं. म्हणून फ्युचर्ससाठी मी दुसरी यादी केली आणि तिच्यात ‘सुट्टी’ऐवजी ‘पुढच्या दिवसात मिसळ’ हा पर्याय निवडला. त्या मंगळवारचा पिव्होट वहीशी दशांशापर्यंत जुळला.

नंतर 2026 ची यादी करायला घेतली. आधीच्या वर्षाच्या ओळी उचलून तारखा बदलाव्यात असं वाटत होतं, पण 4 जुलै शनिवारी येतोय, त्यामुळे सुट्टी 3 जुलैला, शुक्रवारी. जो दिवस 2025 मध्ये अर्धा होता तो आता पूर्ण बंद. ती ओळ अर्ध्या दिवसांतून काढून पूर्ण सुट्ट्यांत टाकली. अर्धे दिवस उरले दोन, कामाचे दिवस 251. वहीच्या पहिल्या पानावर वर्षाखेरीच्या ताळ्यासाठी आकडा लिहून ठेवला आहे: 97,530.