फुलांची घाटी: दिवस चालण्यात कमी, गाडीत जास्त जातात

उत्तराखंडमधल्या 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'ला जायचं ठरलं की आपण चालण्याची तयारी करतो. पण प्लॅन कोसळतो तो रस्त्यावर.

हरिद्वार ते जोशीमठ साधारण २७५ किमी, म्हणजे किमान दहा तास. पहाटेची बस चुकली तर त्या दिवशी जोशीमठ विसरा. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं भरात असतात आणि दरडीही तेव्हाच कोसळतात. म्हणून परतीच्या रेल्वे तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवाच, शक्य असेल तर दोन.

जोशीमठहून गोविंदघाट तासाभरात. तिथून पुलनापर्यंत ४ किमी शेअर जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे सकाळी लवकर पोचलेलं बरं. पुढे घांघरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत १० किमी पायी चढ, खेचरं मिळतात. रोख पैसे जोशीमठलाच काढून घ्या.

घाटीत मुक्कामाला परवानगी नाही, खेचरंही नेता येत नाहीत. दुपारनंतर प्रवेश बंद, संध्याकाळपर्यंत बाहेर यायचं. त्यामुळे सकाळी गेट उघडतानाच रांगेत उभं राहा. उशिरा गेलात तर फुलांऐवजी घड्याळच बघत बसाल! घाटीचं हे राष्ट्रीय उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण जूनच्या सुरुवातीला बऱ्याचदा बर्फच दिसतो.