आमची वाटचाल : छापाच्या काँक्रीटची

बेळगावजवळच्या मच्छेतल्या आमच्या शेडमध्ये सुरुवातीला नुसते पेव्हर ब्लॉक आणि चेकर्ड टाइल निघत. छापाच्या काँक्रीटकडे, म्हणजे ओल्या काँक्रीटवर साचा दाबून फरशीसारखी नक्षी उमटवण्याकडे, आम्ही वळलो ते निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यामुळे. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो. त्यांच्या अंगणातली शहाबादी जागोजागी उचलली होती, सांध्यांतून गवत वर आलं होतं. अण्णा म्हणाले, “दिसायला फरशी पाहिजे, पण सांधे नकोत. साचे आण, पैसे मी आधी देतो.” त्या पैशातून मुंबईहून पॉलियुरेथेनचे साचे आले. ते आजही वापरात आहेत. काम संपलं की त्याच संध्याकाळी धुऊन, पुसून, सपाट ठेवायचे. उभे टेकवले की वाकतात, आणि वाकलेला साचा कड नीट उमटवत नाही.

अण्णांचं अंगण अप्रतिम झालं, कामं येऊ लागली. मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

मग आमच्याकडे शिकलेली दोन पोरं एका कंत्राटदाराने फोडली. आमच्यासारखेच साचे आणून आमच्या निम्म्या दराने त्याने खानापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचं आवार घेतलं. तेही मिरगाच्या तोंडावर! काँक्रीट पातळ ठेवलं, म्हणून वर पाणी सुटलं. ते आटेपर्यंत थांबायला कोणाला वेळ नव्हता. कोरडं सिमेंट भुरभुरून पाणी शोषवलं, त्यातच रंग मारला आणि वरून थापी फिरवली. अशाने वरचा थर कच्चाच राहतो. पहिल्याच पावसाळ्यात सगळ्या आवारभर पोपडे निघाले.

पोपडे त्याच्या कामाचे होते, नाव मात्र धंद्याचं गेलं. “बेळगावच्या पावसात छापाचं टिकत नाही,” हे शहापूरपासून चिकोडीपर्यंत ऐकू येऊ लागलं. ठरलेली कामं मोडली. बँकेचे हप्ते थकले, मिक्सर विकावा लागला. त्या माणसाने मात्र पाटी बदलून टाइल्सचं दुकान टाकलं. हे मी अजून विसरलेलो नाही.

साचे कोणीही विकत घेईल. खरी कला वेळ ओळखण्यात आहे. लांब दांड्याचा बुल फ्लोट, म्हणजे काँक्रीट सपाट करायची फळी, फिरवून झाला की वरची पाण्याची चमक जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मग रंगीत हार्डनर, म्हणजे वरचा थर रंगवणारी आणि कडक करणारी पावडर, चौरस मीटरला साधारण 3 किलो, दोन खेपांत : आधी दोन तृतीयांश, तो ओला होऊन मुरला की उरलेला. वरून पाणी एक थेंब नाही. अंगठा दाबला की खूण उमटावी, पण बोटाला लगदा चिकटू नये. तेव्हा साचा चिकटू नये म्हणून रिलीज पावडर टाकून साचे मांडायचे. एप्रिलच्या उन्हात ही वेळ झरकन निघून जाते, म्हणून आम्ही उजाडताच काँक्रीट ओततो. 4 इंचाच्या स्लॅबला 8 ते 10 फुटांवर सांधा कापतो, इंचभर खोल. नाहीतर तडा आपली वाट स्वतः शोधतो.

घर बांधणाऱ्यांना एक सांगतो. रंगीत कामावर ओली गोणपाटं टाकू देऊ नका, डाग कायमचे बसतात. आणि सीलर, म्हणजे वरचा संरक्षक लेप, दाट मारणाऱ्याला थांबवा. पातळ दोन हात पुरतात, तेही काँक्रीट पूर्ण सुकल्यावर. आत ओल कोंडली की पांढरट पडतं.

त्या वाईट दिवसांत अण्णांनी काय केलं? शंका काढणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या गाडीत घालून अंगणात आणलं. त्या अंगणावरून तंबाखूचे ट्रॅक्टर जात होते, कित्येक पावसाळे झाले होते, एक पोपडा नव्हता. त्यांतल्याच एका गोकाकच्या माणसाने बंगल्याचा रस्ता आम्हाला दिला, आणि त्या पैशातून मिक्सर परत आला.

फोडलेल्या पोरांपैकी एक परत आला. ठेवून घेतलं. हार्डनर टाकायला आज त्याच्याइतका सारखा हात आमच्याकडे दुसऱ्या कोणाचा नाही.