अकरा नंबरची बस

वारीत "माउली, कशानं आलात?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: अकरा नंबरच्या बसनं, म्हणजे आपल्या दोन पायांनी. या बसला तिकीट नाही, पण रोज संध्याकाळी तिची दुरुस्ती काढावी लागते.

एकादशीला पुणं सोडलं की सासवडपर्यंत जवळपास ३० किलोमीटर, तेही उपासाच्या पोटी. धसका सगळ्यांना दिवेघाटाचा. घाट भजनात चढून जातो; पाय बोलायला लागतात माथ्यावर. मोजे घामापावसानं चिंब, कातडी मऊ पडलेली, आणि दिंडी घटकेघटकेला थबकते, पुन्हा निघते. त्या थांबण्या-निघण्यात टाच पायताणात मागेपुढे घासते आणि फोड उठतो. माझ्या उजव्या टाचेवर रुपयाएवढा होता.

परभणीकडच्या एका मावशींनी मला रस्त्याकडेला बसवलं. पिशवीतून सुई काढली, लायटरवर तापवली, गार होऊ दिली, काजळी पुसली. मधोमध न टोचता फोडाच्या बुडाशी, कडेला दोन ठिकाणी टोचलं. पाणी कापसानं हलकं दाबून टिपलं. सुटलेली कातडी मी सोलायला गेलो तर हातावर चापटी बसली. "ऱ्हाऊ द्या माउली, तेच झाकण हाय."

सुईतला दोरा फोडात ठेवायचा त्यांचा बेत मात्र मी मोडला. दोऱ्यावाटे पाणी झिरपतं हे खरं, पण त्याच वाटेनं चिखलही आत जातो. वर बीटाडीन, जाळीची पट्टी, तिच्यावर चिकटपट्टी. सुरकुती एकही नको, नाहीतर पट्टीच नवा फोड करते. मधुमेह असेल त्यानं सुई लावूच नये, सरळ दवाखान्याची गाडी गाठावी. मावशी नाव न सांगता पुढे गेल्या, जाताना सुई पुन्हा पदराला टोचून.

नंतर तासभर मागून एक स्पीकरवाला टेम्पो सिनेमाच्या चालीवर विठ्ठल ओरडत होता. माउलींच्या रथामागे चालताना मनात शिव्या येतात, त्याला इलाज नाही.

जेजुरीला भंडारा, नीरेला पादुकांचं स्नान, लोणंद. चांदोबाच्या लिंबापाशी रिंगणात अश्व सुटला आणि टाच आठवलीच नाही. रात्री तिनं व्याजासकट वसूल केलं.

फोडापेक्षा चिवट त्या चिखल्या. मुक्कामाला पोचल्याबरोबर पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्यानं टिपायच्या. तेल चोळायचं ते पोटऱ्यांना; ओल्या बेचक्यांत तेल गेलं की चिखल्या बळावतात. सकाळी टाचेला आणि अंगठ्याच्या कडेला व्हॅसलीन, वर कोरडे मोजे. कालचे मोजे पिशवीला बाहेरून पिना लावून वाळत टाकायचे. नखं वारीला निघण्याच्या चार दिवस आधी, सरळ रेषेत कापायची. बूट अर्धा नंबर मोठा, कारण दुपारनंतर पाय सुजतात. आणि कोरे करकरीत बूट घालून आळंदीला येणाऱ्याला कुणीतरी इंद्रायणीच्या घाटावरच जुन्या चपला द्या.