जिन्यातली ट्यूब आणि 'क्वेक'

जिन्यातली ट्यूब जायला आली की दुपारच्या सामसुमीत तिची फडफड कानालाही कळते. टिक, टिकटिक, मग बराच वेळ काहीच नाही. 'क्वेक' हा संगणकावरचा राक्षस मारायचा खेळ खेळलेल्या माणसाला अशा वेळी जप आठवावा तसं आठवतं: एम एम एन, एम एम ओ.

१९९६च्या त्या खेळातला लुकलुकता दिवा म्हणजे नुसती अक्षरांची माळ. 'ए' म्हणजे मिट्ट काळोख, 'एम' नेहमीचा उजेड, 'झेड' दुप्पट. सेकंदाला दहा अक्षरं सरकतात. वर जपलेली माळ २३ अक्षरांची, म्हणजे २.३ सेकंदांत एक फेरा. त्यात 'क्यू' एकदाच येतो, आणि डोळ्याला टोचतो तो नेमका तोच. हीच माळ २०२०च्या 'हाफ-लाइफ: अलिक्स' या दुसऱ्याच खेळामध्येही लुकलुकताना सापडली. चोवीस वर्षं कुणी स्टार्टर बदलला नाही!

२०२१ साली नाइटडाइव्ह या कंपनीनं 'क्वेक'चा रीमास्टर, म्हणजे नव्या रूपातली आवृत्ती, आणली. ४के म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचं चित्र, रुंद पडदा, रंगीत प्रकाश, भरीव मॉडेलं म्हणजे त्रिमिती आकृत्या. कौतुक त्याचंच झालं. पण जुन्या खेळाला नवं रूप देताना घोळ होतात ते बारीक जागी. मूळ राक्षस सेकंदाला दहाच चित्रांत हलतात आणि मॉडेलच्या प्रत्येक बिंदूची जागा एकेका बाइटमध्ये कोंबलेली, म्हणजे अक्षाला २५६च पायऱ्या. म्हणून उभा राक्षससुद्धा कापरं भरल्यासारखा थरथरतो. खेळ चालवणारे नवे प्रोग्राम, म्हणजे इंजिनं, मधली चित्रं स्वतः भरून चाल गुळगुळीत करतात. राक्षसाला ते शोभतंही एक वेळ, पण भिंतीवरच्या मशालीला लावलं की ज्योत वितळलेल्या मेणासारखी लोंबते. कारण ती ज्योत एका चित्रातून दुसऱ्यात उडी मारायलाच बनवलेली. बंदुकीच्या तोंडाशी होणारा जाळही तसाच: तो मॉडेलचाच भाग, एका चित्रात एकदम बाहेर येणारा. तो हळूहळू उगवला तर गोळी सुटल्यासारखं वाटतच नाही. जाणते लोक मशालींची वेगळी यादी करून त्यांना या गुळगुळीतपणातून वगळतात.

रंगांचं असंच. मूळ खेळाच्या २५६ रंगांपैकी शेवटचे ३२ अंधारातही पेटलेले राहायचे. १९९७च्या 'जीएलक्वेक'नं, म्हणजे 'क्वेक'च्या ग्राफिक्स कार्डासाठीच्या आवृत्तीनं, धूसर गुळगुळीतपणा आणला आणि हे ३२ विझवून टाकले. कित्येकांनी त्यालाच प्रगती मानलं. रीमास्टर हातात आला की पहिलं काम टेक्स्चरचं, म्हणजे भिंती-आकृत्यांवर चढवलेल्या चित्रांचं, फिल्टरिंग (धूसर करणं) बंद करणं. चौकोनी ठिपके दिसलेच पाहिजेत. दुसरं, दृष्टीचा कोन, म्हणजे पडद्यावर किती रुंद दिसतं ते. जुन्या ४:३ पडद्यावरचे ९० अंश १६:९ वर साधारण १०६ होतात. आकडा ९०च ठेवला तर वरचं-खालचं कापलं जातं आणि घोड्याला झापडं लावल्यासारखं होतं.

संगीताची गोष्ट अजब. संगीतकार ट्रेंट रेझ्नरचं ते घुमणारं, कण्हणारं संगीत मूळ सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकमध्ये होतं, दुसऱ्या ट्रॅकपासून पुढे. ज्यांनी मित्राच्या सीडीवरून नुसता फोल्डर कॉपी केला त्यांचा 'क्वेक' मुकाच राहिला, आणि त्यांना तो तसाच भयाण वाटायचा. रीमास्टरमध्ये संगीत आहे. ते ऐकून अशा मंडळींना उलट चुकल्यासारखं होतं. आता यात खरा कोणता म्हणायचा?

आणि उड्या! जमिनीवरचा वेग सेकंदाला खेळातल्या ३२० एककांना अडवलेला. हवेत असताना ३० चा पहारा, पण तो तुम्ही जाऊ पाहता त्याच दिशेतला वेग मोजतो. म्हणून बाजूची कळ दाबून माउस त्याच बाजूला वळवत उड्या मारत गेलं की वेग ३२० ओलांडून चढतच जातो. हिशेबातली सरळसरळ चूक. पण ती दुरुस्त करा, निम्मे खेळाडू घरी जातील.

काही गोष्टींना मात्र कुणी हात लावला नाही तेच बरं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून थंडरबोल्ट ही वीज सोडणारी बंदूक चालवा. तिचे सगळे सेल (विजेचा साठा) एकदम सुटतात, आणि अंगावर पेंटाग्राम, म्हणजे काही वेळ अमर करणारी वस्तू, नसेल तर मरतो तो आपणच.